अकरा आत, अकरा बाहेर

त्या रविवारी खैरटोल्याच्या दोन नंबर बोगद्यात आम्ही अकरा जण गेलो, अकरा जण बाहेर आलो आणि आमच्या पाठीमागे डोंगर बसला. एवढं लिहून मला थांबावं लागतं, कारण डोंगर बसलेला नाही. तसं पत्र माझ्याकडे आहे, जावक क्रमांकासह. पत्रानुसार त्या दिवशी हवा छान होती, पाहुण्यांनी चहा घेतला आणि कार्यक्रम वेळेत संपला. तेव्हा आपणही डोंगर जागेवरच आहे असं धरून चालू.

सकाळचे साडेनऊ झाले होते. बोगद्याच्या तोंडाशी एका टेबलावर नोंदवही होती आणि मी बत्ती लावलेली पिवळी हेल्मेटं वाटत होतो. भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला मॅंगनीजच्या पट्ट्यात आमचं गाव. खाण बंद पडून पंचवीस वर्षं झाली होती, आणि जे पडलं ते विकता येत नाही म्हणून गावच्या समितीने ते दाखवायचं ठरवलं होतं. इंग्रजांच्या वेळचं, खनिजाचे डबे ओढणाऱ्या यंत्राचं विंचघर, रज्जुमार्गाचे चार खांब, बारूदघर, मॅनेजरचा बिनछपराचा बंगला आणि शेवटी दोन नंबर बोगदा. चार किलोमीटर चालायचं, पाच जागी थांबायचं. नाव ‘खनिज वारसा पायवाट’. वाटाड्या म्हणून माझी नेमणूक झाली, कारण मी इतिहासात बी.ए. होतो आणि गावात दुसरं कोणी इतकं रिकामं नव्हतं. मी तेवीस वर्षांचा होतो. मला सगळ्या गोष्टींची गंमत वाटायची.

त्या दिवशीची फेरी शेवटच्या चाचणीची होती. पर्यटन खात्याचे चौरागडे साहेब स्वतः चालून पाहणार आणि पसंत पडली तर पायवाट लोकांना खुली होणार. सोबत आठ पाहुणे होते, त्यांत भंडाऱ्याच्या निमजे मॅडम. चौतीस वर्षं शाळेच्या सहली नेऊन निवृत्त झालेल्या. माणसं दिसली की त्या मोजायच्या, सवयच ती. विंचघरापाशी त्यांनी आम्हाला तीनदा मोजलं होतं. आठ पाहुणे, एक साहेब, एक मी आणि एक बकारामजी. अकरा.

बकाराम मडावी सत्तरीचे होते. खाण बंद होईपर्यंत चौदा वर्षं ते दोन नंबरचे सरदार होते. खाणीत सरदार म्हणजे पाळीचा कारभारी. सगळ्यांच्या आधी आत शिरून छत ठोकून पाहायचं ते त्याने. मागच्या फेरीत नागपूरच्या एका कुटुंबाने मला हळूच विचारलं होतं, की सरदार आहेत तर पगडी कुठे? धुवायला टाकली आहे, असं मी सांगितलं होतं. बकारामजींना ते कळल्यावर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डोक्याला टॉवेल गुंडाळून आले.

हजर असायला हवे होते असे बारावे एक होते. देवेंद्र हटवार, अभियंता. बोगदा सुरक्षित असल्याचा दाखला त्यांनी शुक्रवारीच सही करून दिला होता. चौरागडे साहेबांनी त्यांना दोनदा फोन लावला; बंद होता. हटवारांची मोटारसायकल मॅनेजरच्या बंगल्याच्या सावलीत उभी असलेली मी येताना पाहिली होती. साहेबांना मी म्हणालो, की आदल्या दिवशी टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, कोणाकडे तरी कोंबडं कापलं असणार आणि हटवार साहेब अजून त्याच्यावरच पाहणी करत असतील. सगळे हसले. मीही हसलो. स्वतःच्या विनोदाला हसायची मला तेव्हा सवय होती.

बोगदा आडवा होता, डोंगरात सरळ शिरलेला. ऐंशी पावलांवर जाळीचं लोखंडी दार होतं, त्याला कुलूप. पायवाट तिथे संपायची. दाराच्या अलीकडे समितीने दोन सागवानी खांबांवर नवा फलक ठोकला होता: ‘हा बोगदा तज्ज्ञांच्या पाहणीअंती सुरक्षित आढळला आहे.’ दाराच्या पलीकडे जुनी खाण तशीच पुढे जात होती आणि तिच्याविषयी फलकाचं काही म्हणणं नव्हतं.

फलकापाशी सगळ्यांना उभं करून बकारामजींनी आपला खेळ सुरू केला. लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, उचलून त्यांनी डोक्यावरच्या दगडावर मारली. ठण असा आवाज घुमला.

“ठण बोलली का दगड जिता हाय,” ते म्हणाले. “ढब बोलली का तो सुटला हाय. तुमचीच वाट पाहून राह्यला, असं समजा.”

पाहुण्यांनी वर पाहिलं. बकारामजींनी आणखी तीन वेळा ठोकलं, अंतर ठेवून. मग सब्बल टेकवून ते थांबले, आणि त्या थांबण्यात जाळीच्या पलीकडून, लांबून, तीन ठोके आले.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

चौरागडे साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, की हे योजनेत दिसलं नव्हतं. मी त्या क्षणी ‘मलाही माहीत नाही’ असं म्हणू शकत होतो. पण माझ्या मते म्हातारा कसलेला होता. त्याने टोल्यावरचा कोणी तरी डोंगरावरच्या एखाद्या जुन्या भगदाडातून आत बसवला असणार आणि मला सांगितलं नसणार, पगडीचं उट्टं काढायला. आणि साहेबांचा चेहरा खूश होता. मी म्हणालो, “ध्वनियोजना आहे सर. प्रायोगिक तत्त्वावर.”

“स्पीकर कुठे आहे?”

“दडवलाय सर. वातावरण बिघडू नये म्हणून.”

बकारामजी माझ्याकडे पाहत होते, आणि त्या नजरेत कौतुक होतं. पोरगं वाटतं तितकं वाया गेलेलं नाही, अशी काहीशी ती नजर. मी त्यांना मान लववली. त्यांनीही मला मान लववली. आम्ही दोघं एकमेकांच्या कलाकारीवर जाम खूश होतो.

हे बारा मिनिटं चाललं. बारा हा आकडा माझा नाही, निमजे मॅडमच्या घड्याळाचा आहे. बकारामजी दोनदा ठोकायचे, आतून दोन ठोके यायचे. एका पाहुण्याने चार ठोके मारायला लावले, चार आले. एक बाई म्हणाल्या, की अंगावर काटा येतो, पैठणला संगीत कारंजी आहेत पण असं काही नाही. चौरागडे साहेबांनी सुचवलं, की मधूनमधून कामगारांचं गाणं टाकता आलं तर पाहावं. मग त्यांनी खिशातून डायरी काढून लिहिलं आणि लिहिलेलं मला दाखवलं: ‘आवाज क्षीण. वाढवावा.’

मी म्हणालो, वाढवू सर.

मग बकारामजी माझ्या शेजारी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “बेस लपवला तू मोबाइल, खेमराज. पन आता बंद कर. मले पुढचं सांगू दे लोकायले.”

“मी कुठं लपवला? तुमचा माणूस नाही का आत?”

“माह्या कोनता मानूस?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोणी ठोकलं नव्हतं, तरी आतून परत ठोके आले. एक. दोन. तीन. मग बराच वेळ काही नाही. मग चौथा, घासल्यासारखा.

“यंत्राचा हात थकत नसते,” बकारामजी म्हणाले. “हा थकला हाय.”

त्यांनी जाळीच्या दाराला हात लावला. कुलूप कडीत नुसतं अडकवलेलं होतं, बंद नव्हतं. किल्ली माझ्या खोलीत खिळ्याला असायची आणि ती तिथे आहे की नाही हे मी दोन दिवसांत पाहिलं नव्हतं. तेव्हा मला बंगल्याच्या सावलीतली मोटारसायकल आठवली, आणि तिच्या सीटवर दव पडून सुकल्याचे डाग होते हेही आठवलं. मी ते पाहिलं होतं. पाहून मी कोंबड्याचा विनोद केला होता.

मी ओरडायला तोंड उघडलं असणार, कारण बकारामजींनी माझा दंड धरला. “पळवू नोको कोनाले. नऊ जनं धावले तं वरचं बी धावंल. चालत पाठव.”

म्हणून मी पाहुण्यांकडे वळून, माझ्या रोजच्या आवाजात, जाहीर केलं की चहा तयार आहे. आयुष्यात इतकं खरं वाटणारं खोटं मी परत बोललो नाही. निमजे मॅडमनी माझ्या चेहऱ्यावर बत्ती मारली आणि एक क्षण तशीच धरली.  त्यांनी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायला लावला आणि मराठी चौथीचा वर्ग न्यावा तशा त्या आठ जणांना घेऊन निघाल्या. चौरागडे साहेबांचाही हात कोणाच्या तरी खांद्यावर होता. जाताजाता ते मला म्हणाले, की उद्घाटनाच्या दिवशी चहा आतच ठेवायचा विचार करावा.

त्यांच्या बत्त्या तोंडाकडे लहान होत गेल्या. बकारामजींनी मलाही जायला सांगितलं. मी गेलो तर तुम्हाला चहा कोण आणून देणार, असं मी म्हणालो. ते हसले नाहीत. माझ्या पावलावर पाऊल टाकायचं आणि तोंड उघडायचं नाही, एवढंच म्हणून त्यांनी दार ढकललं.

आतली हवा वेगळी होती, ओल्या लोखंडाच्या वासाची. बकारामजी पाच पावलं टाकायचे, थांबायचे, सब्बल वर मारायचे. ठण. पाच पावलं. ठण. बाहेर याच ठोक्यांना टाळ्या पडत होत्या. तिसऱ्यांदा आवाज आला तो ढब असा, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. त्यांनी हाताने मला भिंतीकडे सरकवलं आणि आम्ही भिंतीला पाठ घासत पुढे गेलो. त्यानंतर ठण परत आलंच नाही.

चाळीसएक पावलांवर हटवार साहेब होते. उताणे, उजवा पाय घोट्याच्या वर एका शिळेखाली, हातात मुठीएवढा दगड. बत्ती विझलेली. अंगावर मॅंगनीजची काळी भुकटी इतकी बसलेली की डोळे उघडल्यावरच तिथे चेहरा आहे हे कळलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं:

“आज शनिवार आहे का?”

“रविवार,” मी म्हणालो.

“म्हणजे दाखला पोचला.”

“फलकसुद्धा लागला.”

त्यांनी डोळे मिटले. मग तसेच, मिटल्या डोळ्यांनी, रात्रभर ओरडून बसलेल्या आवाजात, तुटक तुटक सांगू लागले. सही त्यांनी शुक्रवारी टेबलावरच केली होती, मी पाठवलेल्या फोटोंवरून. सगळे तसंच करतात, आधी सही मग पाहणी, आणि बहुतेक वेळा पाहणी राहून जाते. पण शुक्रवारी रात्री त्यांना झोप लागली नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी कोणालाही न सांगता ते आले, माझ्या खोलीतून किल्ली घेतली आणि जाळीच्या आतून छत पाहायला शिरले.

“सही खरी करायला आलो होतो,” ते म्हणाले.

खात्याच्या इतिहासात एवढ्या प्रामाणिकपणे कोणी अडकलं नसेल. तेव्हा मात्र मला ते सुचलं नाही. माझं सगळं लक्ष छताकडे होतं, कारण तिथून चिमूटभर माती पडत होती, थांबत होती, परत पडत होती. कोणी तरी वर बसून मीठ घालावं तशी.

बकारामजींनी हटवारांच्या वरच्या दगडाला सब्बल नुसती टेकवली. लगेच काढून घेतली. पायावरची शिळा उचलली की वरचा दगड खाली येणार, आणि तो धरायला थुनी पाहिजे, ते म्हणाले. थुनी म्हणजे छताला खालून द्यायचा लाकडी टेकू. एके काळी या बोगद्यात शेकड्याने थुन्या होत्या. खाण बंद झाल्यावर गावाने त्या जाळल्या. आमच्या घरीही जाळल्या होत्या. लाकूड छान होतं म्हणतात.

“फलकाचे खांब,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “जाय. पन चालत.”

ते चाळीस पावलं जाणं आणि चाळीस येणं, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब चालणं आहे. फलक उपटायला वेळ लागला नाही. खांब सिमेंटमध्ये गाडायचे ठरले होते, पण ज्याने काम घेतलं त्याने ते मातीत रोवून वर सिमेंटचा हात फिरवला होता. मी दोनदा हलवल्यावर सगळा फलक माझ्या अंगावर आला. त्या माणसाला मी पूर्वी फार शिव्या दिल्या होत्या. त्या क्षणी सगळ्या मनातल्या मनात परत घेतल्या. फळी सुटेना, म्हणून अख्खा फलकच खांद्यावर घेऊन आलो.

बकारामजींनी दोन्ही खांब जोडीने वरच्या दगडाखाली उभे केले आणि तळाशी चपटे दगड ठोकले. फळी मधे तशीच आडवी राहिली, माझ्या बत्तीसमोर.

“काय लिहिलं हाय त्याच्यावर?” त्यांनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

“तज्ज्ञांच्या पाहणीअंती सुरक्षित आढळला आहे.”

“मंग काय भेव,” बकारामजी म्हणाले.

त्यांनी सब्बलीचं टोक शिळेखाली घातलं, खाली एक दगड सारला आणि दुसऱ्या टोकावर छाती टाकली. मी हटवारांच्या काखेत हात घातले. शिळा आधी हललीच नाही. मग दोन बोटं उचलली गेली. मी ओढलं. हटवारांच्या तोंडून एक आवाज निघाला तो मी इथे लिहीत नाही. पाय सुटला. आणि त्याच वेळी वरचा दगड हातभर खाली आला आणि खांबांवर बसला. एक खांब कण्हला. तो तळातून सरकायला लागला तेव्हा बकारामजींनी सब्बल टाकून त्याला खांदा दिला.

खांब थांबला.

“ने त्याले,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही?”

“सरदार शेवटी निंगते.”

मी हटवारांना पाठीवर घेतलं. मग थांबलो, कारण बकारामजी हलत नव्हते. मी म्हणालो, की मी चालायला लागतो, तुम्ही मागोमाग या. ते खांबाला खांदा लावून, एक पाय मागे रोवून उभे होते, फोटो काढायला उभं राहावं तसे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले:

“बदलीचा सरदार आल्याशिवाय सरदारानं जागा सोडू नये. खानीचा नियम हाय. तू कोनाले तरी पाठव, मंग येतो.”

मी हसलो.

विनोद मी करायचो, त्यामुळे दुसऱ्याचा विनोद मला लगेच कळायचा, आणि हा फार चांगला होता. अशा वेळी, असा, इतक्या कोरड्या तोंडाने. मी खरंच हसलो. हसत चार पावलं गेलो. मग माझ्या लक्षात आलं की ते म्हणाले तो विनोद नव्हता, किंवा होता, पण माझ्यासाठी होता, मी चालू लागावं म्हणून. मी वळलो. माझी बत्ती त्यांच्या पायांवर पडली. ते पाय थरथरत होते.

“साहेबांना सोडून आलोच,” मी म्हणालो.

“येजो,” ते म्हणाले.

मी भिंतीला घासत गेलो. जाळीचं दार ओलांडलं. हटवार माझ्या कानाशी काही तरी मोजत होते, पावलं असावीत. पुढचा उजेड आधी ताटाएवढा होता, मग दाराएवढा झाला. पाचेक पावलं उरली असतील. मागून आवाज आला तो मोठा नव्हता. ढब. एकदाच. मग वारा आला, आतून बाहेर, आणि वाऱ्यामागून सगळा बोगदा काळा झाला. आम्ही दोघं बोगद्याच्या तोंडातून बाहेर फेकल्यासारखे पडलो.

मला काही दिसत नव्हतं. घशात, नाकात, पापण्यांत भुकटी होती. कोणी तरी पाणी आणा म्हणत होतं. धुरळा थोडा बसला तेव्हा समोर निमजे मॅडमच्या चपला दिसल्या. त्या मोजत होत्या, आधी बाहेरच्यांना, एकेकाच्या डोक्याला हात लावून. नऊ. मग त्या आमच्यापाशी आल्या. दोन माणसं आत राहिली होती आणि दोन माणसं त्यांच्या समोर पडली होती, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत डांबरासारखी काळी. त्यांनी माझ्या डोक्याला हात लावला. मग हटवारांच्या.

“दहा. अकरा,” मॅडम म्हणाल्या. “आले. सगळे आले.” आणि त्या मटकन खाली बसून रडायला लागल्या.

चौरागडे साहेबांनी ते ऐकलं. ते घाबरले होते आणि घाबरलेला माणूस हाताशी असेल ते काम करतो. त्यांच्या हाताशी नोंदवही होती. त्यांनी तारीख घातली, वेळ घातली, ‘आत गेलेले ११, बाहेर आलेले ११’ असं लिहिलं आणि सही केली.

मी नाही म्हणत होतो. मी तोंड उघडत होतो आणि त्यातून फक्त काळं पाणी येत होतं. कोणी तरी माझी पाठ चोळत म्हणालं, बोलू नका, झालं, सगळं नीट झालं. मला बोलता यायला किती वेळ लागला, ते निमजे मॅडमच्या घड्याळानेही मोजलं नाही. पण मी बोललो तोवर त्या सहीची शाई वाळली होती.

बाकीचं थोडक्यात सांगतो. बाहेरून पथक आलं, चांगली माणसं होती, अडीच दिवस त्यांनी काम केलं. तिसऱ्या दिवशी आणखी छत आलं आणि त्यांना परत बोलावण्यात आलं. बोगद्याच्या तोंडावर भिंत बांधली गेली. हटवार साहेबांचा पाय गेला. त्यांनी काही लपवलं नाही. तीन वेळा लेखी कळवलं की आत मी होतो, मला बाहेर काढलं, काढणारा आत राहिला. तिन्ही वेळा उत्तर आलं, की नोंदवहीतल्या अकरा नावांत आपलं नाव नाही, आपण आत गेलेले नाही, सबब आपण बाहेर येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. चौरागडे साहेब मला एकदा भेटले होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, की नोंद खोडली तर दाखला खोटा ठरतो, दाखला खोटा ठरला तर पायवाट मंजूर करणारे सगळे खोटे ठरतात, आणि ते फार जण आहेत. मग म्हणाले, की बकारामजींचं नाव बाहेर आलेल्यांत आहे, त्यामुळे त्यांना मयत दाखवायला कागदोपत्री आधारच नाही.

जनाबाईंकडे, म्हणजे बकारामजींच्या बायकोकडे, मी पंधरा दिवस गेलो नाही. गेलो तेव्हा त्या अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. ध्वनियोजनेचंही सांगितलं. बारा मिनिटांचं, आणि वाढवू सर म्हणालो त्याचंही. त्या फुलं पसरत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, की तो काय म्हणाला जाताना. मी ते वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगितलं, बदलीचा सरदार आल्याशिवाय सरदाराने जागा सोडू नये, तू कोणाला तरी पाठव. आणि हसलो होतो, तेही सांगितलं.

त्या थांबल्या. हातातली फुलं खाली ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. विचारल्यासारखं.

“मंग काऊन नाही पाठवला कोनाले?”

 या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. मी तालुक्याला एका शाळेत इतिहास शिकवतो आणि मुलांना मी फार गंभीर मास्तर वाटतो. दर वर्षी फेब्रुवारीत मी एक अर्ज करतो. त्याची पोच मिळते, उत्तर मिळत नाही. या वर्षीचा अर्ज असा:

प्रति, मा. सक्षम अधिकारी.
विषय: दोन नंबर बोगदा, खैरटोला येथे बदलीचा सरदार नेमणेबाबत.

महोदय,
उपरोक्त ठिकाणी श्री. बकाराम मडावी, सरदार, हे पाळीवर असून त्यांनी नियमानुसार अद्याप आपली जागा सोडलेली नाही. त्यांचे वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. त्यांच्या खांद्यावर भार असल्याने त्यांना स्वतः अर्ज करणे शक्य नाही. तरी एक बदलीचा सरदार तातडीने नेमून, त्यास प्रत्यक्ष जागेवर पाठवून, श्री. मडावी यांचेकडून पाळीचा ताबा घेण्यात यावा व त्यांना घरी जाण्यास मोकळे करण्यात यावे, ही नम्र विनंती.
असा सरदार उपलब्ध नसल्यास सदर जागेसाठी अर्जदाराचा विचार व्हावा.